कामगार पुढाऱ्याला विधिमंडळाची वाट मोकळी हवी

१९८२ साली जगाच्या दोन टोकांना कामगार चळवळीत दोन मोठ्या घटना घडल्या. १८ जानेवारीला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. २४ नोव्हेंबरला नेदरलँड्समध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचे अध्यक्ष विम कॉक यांनी मालकांच्या संघटनेबरोबर वासेनारचा करार केला. मुंबईचा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, त्याबरोबर गिरणगावही विरले. वासेनारच्या कराराने मात्र मंदीत रुतलेल्या एका देशाला सावरायला हातभार लावला आणि बारा वर्षांनी कॉक त्या देशाचे पंतप्रधान झाले. सामंतही निवडून आले. १९८४ मध्ये सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेस देशभर विजयी होत असताना मुंबई दक्षिण-मध्यमधून ते अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. पण कायदा बदलण्याइतके बळ त्यांच्या हाती कधी आले नाही आणि १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली. या दोन कारकिर्दींतला फरक स्वभावावर, नशिबावर किंवा युरोपच्या श्रीमंतीवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. एका देशात कामगारांच्या प्रतिनिधीला चर्चेच्या टेबलावर हक्काची खुर्ची होती, दुसऱ्यात ती नव्हती. ज्या समाजात ही खुर्ची असते तिथे कामगार पुढारी राज्यकर्ता म्हणून घडतो. जिथे ती नसते तिथे तो आयुष्यभर आंदोलकच राहतो. तळेगाव-चाकण पट्ट्यामुळे राज्याच्या उद्योगाचे एक मोठे केंद्र बनलेल्या मावळने याचा विचार आताच करायला हवा.

कॉक यांची वाटचाल नीट पाहिली तर हा मुद्दा स्पष्ट होतो. १९३८ साली एका सुताराच्या घरी जन्मलेला हा माणूस कामगार संघटनेतच वाढला आणि सत्तरच्या दशकात तिच्या अध्यक्षपदी पोहोचला. त्याच्या देशात दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४५ मध्ये, मालक आणि कामगार यांची एक संयुक्त संस्था उभी राहिली होती. १९५० मध्ये सरकारला आर्थिक धोरणावर सल्ला देणारी परिषद कायद्याने स्थापन झाली. तिच्यात मालक, कामगार आणि तज्ज्ञ असे तिन्ही घटक बसतात. म्हणजे कॉक अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना टेबल मिळवण्यासाठी भांडायचे नव्हते, टेबलावर बसून भांडायचे होते. १९८२ मध्ये बेकारी वाढत असताना त्यांनी महागाईबरोबर आपोआप वाढणाऱ्या वेतनाचा आग्रह सैल केला आणि त्या बदल्यात कामाचे तास कमी करून घेतले, म्हणजे आहे ते काम अधिक हातांत वाटले जाईल. आपल्याच सभासदांना न आवडणारी तडजोड समजावून सांगायची आणि समोरच्याकडून तिची किंमतही वसूल करायची, हे शिक्षण त्यांना संघटनेने दिले. १९८६ मध्ये ते मजूर पक्षाचे नेते झाले, १९८९ ते १९९४ अर्थमंत्री होते आणि १९९४ ते २००२ पंतप्रधान. त्यांचा पक्ष आणि बाजारपेठवादी उदारमतवादी हे एरवी एकमेकांचे विरोधक. त्यांना एका मंत्रिमंडळात आठ वर्षे चालवणे हे वाटाघाटी कोळून प्यालेल्या माणसाचेच काम होते.

आता मुंबईकडे या. गिरणी कामगारांच्या मागण्या पगाराच्या आणि बोनसच्या होत्या, पण संपाच्या मुळाशी आणखी एक मागणी होती. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही ती मागणी. या कायद्याने गिरणी उद्योगात एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. अडीच लाख कामगार दुसऱ्याच नेत्यामागे उभे आहेत हे मुंबईच्या रस्त्यांवर दिसत होते. तरीही त्या नेत्याशी बोलायला मालक आणि सरकार बांधील नव्हते. कामगारांना कोण हवे आहे, हे गुप्त मतदानाने विचारण्याची सोय कायद्यात नव्हती. सामंतांवर हटवादीपणाचा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. त्यात तथ्य आहेच. माघारीची वाट त्यांनी वेळेवर शोधली नाही आणि त्याची किंमत घरोघरच्या चुलींनी मोजली. पण ज्याच्याशी बोलायचेच नाही असे ठरले आहे, त्याला तडजोड शिकण्याची संधी कुठून मिळणार? घोषणा देणारा आणि करार करणारा यांच्यात जे अंतर असते, ते चर्चेच्या अनुभवानेच कापले जाते. सामंतांना तो अनुभव इंजिनिअरिंग कारखान्यांत मिळाला होता, तिथे त्यांनी पगारवाढीचे मोठे करारही केले होते. गिरण्यांत कायद्याने दारच बंद होते.

या टेबलासाठी आपल्याकडे प्रयत्नच झाले नाहीत असे नाही. उलट ते फार लवकर झाले आणि मराठी माणसांनीच केले. ना. म. जोशी १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांपैकी एक. १९२१ पासून ते मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य होते. त्याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या वादात संघटनेच्या पुढाऱ्यांना न्यायालयाने मनाई केली होती. संघटना करणे हाच कट ठरू शकतो हे तेव्हा दिसले. जोशींनी १९२१ मध्ये संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव विधिमंडळात मांडला आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा त्या प्रयत्नांतून आला. राजकीय कामासाठी स्वतंत्र निधी जमवण्याची मुभा या कायद्याने संघटनांना दिली, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. संघटनेने राजकारणात पडू नये असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की परक्या सरकारच्या कायद्यानेही तो हक्क मान्य केला होता. पुढचे पाऊल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदांना त्यांनी बळ दिले आणि १९४३ मध्ये संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक आणले. त्याच धर्तीची दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, पण ती कधी अमलातच आणली गेली नाही. ज्यांचा बंगला तळेगाव दाभाड्यात होता, त्या बाबासाहेबांचे हे अपुरे राहिलेले काम मावळने तरी विसरू नये.

अपुऱ्या कामाची फळे १९७४ मध्ये दिसली. लोणावळा हे १८६३ पासून, भोर घाटातून रेल्वे चढली तेव्हापासूनचे, रेल्वेचे गाव. इथल्या वाचकाला रेल्वे संपाचे महत्त्व सांगायला नको. मुंबईच्या कामगार चळवळीत घडलेले आणि १९६७ मध्ये स. का. पाटलांचा पराभव करणारे जॉर्ज फर्नांडिस रेल्वे कामगारांच्या महासंघाचे अध्यक्ष होते. बोलणी चालू असतानाच त्यांना २ मे रोजी अटक झाली, ८ मे रोजी संप सुरू झाला आणि सुमारे तीन आठवड्यांनी तो मोडला. बोलणाऱ्यालाच तुरुंगात टाकले तर दुसरे काय होणार? पुढे हाच माणूस १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाला आणि कोकण रेल्वे महामंडळ त्याच्या कारकिर्दीत उभे राहिले. कोकणात रेल्वे नेण्याची चर्चा अनेक दशके चालली होती, पण पैसा कुठून आणायचा यावर ती अडत होती. केंद्र आणि चार राज्ये यांच्या भागीदारीतून स्वतंत्र महामंडळ काढायचे आणि रोख्यांतून पैसा उभा करायचा, ही वाट फर्नांडिस यांच्या काळात पक्की झाली. वेगवेगळ्या हितसंबंधांच्या लोकांना एका करारावर आणणे हे कामगार पुढाऱ्याचे रोजचे काम. रेल्वे बंद पाडणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, त्याच्याच काळात सह्याद्रीच्या पायथ्याने नवी रेल्वे निघाली, हे विसरता येत नाही.

आता मावळ. १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात निघाला, तेव्हापासून उद्योग या तालुक्याला नवा नाही. पण मोठ्या कारखानदारीचे वारे गेल्या काही दशकांत आले. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले, तळेगाव निर्यातीपुरते चालू राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना कामबंदीची नोटीस मिळाली. चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार फिसकटला आणि शेवटी कारखान्याची मालमत्ता ह्युंदाईकडे गेली. या सर्व काळात जागेचा भाव, यंत्रांचा भाव आणि व्यवहाराच्या अटी यांवर दिल्ली-मुंबईपासून परदेशातल्या मुख्यालयांपर्यंत चर्चा झाली. कामगार मात्र न्यायालयाच्या तारखा, धरणे आणि उपोषण यांतून आपले म्हणणे मांडत राहिले. नवा मालक येताना जुन्या कामगारांचे काय, हा प्रश्न व्यवहाराच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. तो तिथे नेणारी यंत्रणाच नव्हती. लोकप्रतिनिधींनी पाठिंबा दिला, निवेदने पुढे पाठवली, तरी संस्थेची उणीव व्यक्तीच्या सदिच्छेने भरून निघत नाही. टेबल नसले की माणसे रस्त्यावर येतात, आणि रस्त्यावर काय होते हे मावळने शेतीच्या प्रश्नात अनुभवले आहे. पवना जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले.

या मांडणीवर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कामगार पुढाऱ्यांना राजकारणात बळ दिले तर उद्योग पळून जातील. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा तळेगावसाठी बोलला जात असलेला प्रकल्प गुजरातकडे गेला, तेव्हापासून ही भीती अधिकच बोलली जाते. पण पुरावा काय सांगतो? जनरल मोटर्सने आपला गुजरातमधला हालोलचा कारखाना तळेगावच्या आधी, २०१७ मध्येच बंद केला. जगभरचा धंदा आवरता घेण्याचा तो कंपनीचा निर्णय होता, तळेगावच्या कामगारांच्या झेंड्याशी त्याचा संबंध नव्हता. गिरण्यांचेही तसेच. यंत्रे जुनी झाली होती, नव्या यंत्रांत पुरेसा पैसा घातला जात नव्हता, यंत्रमाग स्वस्तात कापड विणत होते आणि गिरण्यांखालच्या जमिनीचा भाव धंद्यापेक्षा वाढत होता. संपाने या घसरणीला वेग दिला हे खरे, पण घसरण आधीच सुरू झाली होती. नेदरलँड्समध्ये कामगार संघटनेचा अध्यक्ष पंतप्रधान झाला म्हणून रॉटरडॅमचे बंदर ओस पडले नाही. उलट गुंतवणूकदाराला जी शाश्वती लागते, ती टिकाऊ करारातून मिळते आणि टिकाऊ करार खऱ्या प्रतिनिधीशीच होतो. ज्याच्यामागे कामगार नाहीत अशा माणसाची सही कागदावरच राहते.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. सत्तेत गेलेला पुढारी कामगारांना विसरतो, मग त्याला तिथे पाठवायचे कशाला? कॉक यांचेच उदाहरण या आक्षेपाला बळ देते. १९९१ मध्ये ते अर्थमंत्री असताना सरकारने आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्यांच्या भत्त्यात कपात करायचे ठरवले, तेव्हा ज्या संघटनेचे ते अध्यक्ष होते तिनेच हेगमध्ये प्रचंड मोर्चा काढला. त्यांच्या पक्षाचे कितीतरी सभासद सोडून गेले. पुढे पक्षाने जुन्या विचारसरणीची पिसे झटकावीत असेही ते म्हणाले आणि ते अनेकांच्या जिव्हारी लागले. हा दोष झाकण्याचे कारण नाही. पण त्या मोर्चाचा अर्थ नीट घ्यायला हवा. आपला जुना अध्यक्ष अर्थमंत्री आहे म्हणून संघटना गप्प बसली नाही. तिचे अस्तित्व, तिचा निधी आणि तिची मान्यता मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. आपल्याकडे उलटे होते. पक्ष संघटना काढतो, पक्षाचा नेता तिचा अध्यक्ष होतो आणि पक्ष सत्तेत गेला की संघटनेची जीभ जड होते. म्हणून पुढाऱ्याने विधिमंडळात जाताना संघटनेचे पद सोडावे आणि संघटनेने त्याला जाब विचारण्याची ताकद राखावी. पुढारी बदलेल ही भीती संघटना बलवान करण्याचे कारण आहे, त्याला घरी बसवण्याचे नव्हे.

तिसरा आक्षेप असा की आता कायम कामगार राहिलेतच किती? कारखान्यांत कंत्राटी आणि शिकाऊ मुलांची भरती, लोणावळ्यात हॉटेलांतले वेटर, सफाई कामगार, बंगल्यांचे राखणदार, चिक्की बांधणाऱ्या बायका. यांची संघटना कुठली आणि पुढारी कोण? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. मुंबईच्या धक्क्यांवर आणि बाजारांत ओझी वाहणाऱ्यांना मालकच नव्हता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्याचे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. या कायद्याने हमालाला मालक नसला तरी मंडळ दिले. त्यात कामगार, मालक आणि सरकार असे तिन्ही बसतात. मजुरी मंडळामार्फत वाटली जाते, भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय सोयीसाठी वर्गणी वेगळी काढली जाते. अण्णासाहेब पुढे विधान परिषदेत गेले. खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा याच धर्तीवर आला. आज तळेगाव-चाकण पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते, अशी उद्योजकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. खंडणीखोर हा गुन्हेगार आहे, त्याला पोलिसांनी धरलेच पाहिजे. पण खंडणीखोराला जागा मिळते ती खऱ्या संघटनेने मोकळी सोडलेल्या मैदानात. म्हणून माथाडी कायदा मोडीत काढणे हा उपाय नव्हे. नोंदणी चोख करा, मंडळे वेळेवर नेमा आणि बनावट संघटनांवर कारवाई करा. लोणावळ्याच्या हॉटेल आणि बंगल्यांतल्या कामगारांसाठी असेच त्रिपक्षीय मंडळ हवे.

ही मागणी आज करण्याला विशेष कारण आहे. केंद्र सरकारने औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. १९२६ चा जोशींच्या प्रयत्नांतून आलेला कायदा तिने मागे सारला. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना कामगार कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी आता सरकारच्या परवानगीची गरज नाही. आधी ही मर्यादा १०० होती. लहान-मध्यम कारखान्यांच्या तळेगावसारख्या पट्ट्यात याचा फटका मोठा आहे आणि त्याला विरोध व्हायलाच हवा. पण याच संहितेत एक तरतूद अशी आहे की ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला बोलणीदार संघटना म्हणून मान्यता द्यावी लागेल, आणि तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघटनांची बोलणीदार परिषद बनेल. १९४३ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेली कल्पना, अपुऱ्या रूपात का होईना, आठ दशकांनी देशभर लागू होत आहे. ती कागदावर राहील की कारखान्यात उतरेल, हे राज्याच्या नियमांवर ठरेल.

म्हणून मावळ, चिंचवड आणि चाकणच्या कामगार संघटनांनी आपापसांतले झेंडे बाजूला ठेवून तीन गोष्टी मागाव्यात. बोलणीदार संघटना गुप्त मतदानाने ठरावी, म्हणजे १९८२ ची पुनरावृत्ती होणार नाही. तळेगाव-चाकण औद्योगिक पट्ट्यासाठी उद्योजक, कामगार आणि सरकार यांची कायमस्वरूपी परिषद नेमावी आणि कारखाना विकण्याचा किंवा बंद करण्याचा कोणताही प्रस्ताव तिच्यासमोर आधी यावा. आणि राजकीय पक्षांनी या पट्ट्यातल्या मतदारसंघांत कामगार संघटनेत घडलेल्या, करार करून दाखवलेल्या स्त्री-पुरुषांना उमेदवारी द्यावी. मतदारांनीही पुढच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे: कामगारांच्या वतीने तुम्ही आजवर किती करार केलेत, आणि ते टिकले का?